बिनतिखटाचा सॉस

आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत रोडग्यांचा कार्यक्रम असला की मला बोलावणं येतं. नवस फिटला, पोराला नोकरी लागली, बोअरला पाणी लागलं, कोणतंही कारण चालतं. शेतात नाहीतर देवळामागे गवऱ्यांचा आर पेटतो, बाया आयत्या पंगतीला येऊन बसतात आणि रांधायचं काम आम्ही बाप्ये करतो. निखाऱ्यात कणकेचे रोडगे कोणीही भाजतो. वांग्याची भाजी मात्र माझी. दोनशे माणसांची भाजी मी डोळे मिटून टाकतो. तिखट मुठीनं, तेल डब्यानं, आणि वर बोटभर लाल तर्री आल्याशिवाय गंजाखालचा, म्हणजे त्या मोठ्या पातेल्याखालचा, जाळ काढत नाही. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला स्वयंपाकी समजत होतो. साठी उलटेपर्यंत आपल्या घरात मीठ कोणत्या डब्यात असतं हे मला माहीत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

आमच्याकडे नियमच तसा आहे. बाहेरच्या चुलीवर पुरुषानं रांधलं तर ती कला, आणि घरातल्या गॅसवर रांधलं तर बायकोनं कामाला लावला. हा नियम कोणी काढला ठाऊक नाही, पण मी तो नोकरीतल्या कुठल्याही नियमापेक्षा मन लावून पाळला. चहासुद्धा कधी केला नाही. उगाच कशाला परंपरा मोडायची.

मग बायकोच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, त्यावर मशीनच्या किरणांचे शेक झाले, आणि सगळं आटोपल्यावर डॉक्टर म्हणाले, रोग गेला. आम्ही दवाखान्यात पेढे वाटले. पेढा तेवढा तिला खाता आला नाही. शेकानं तोंडातली लाळच आटली होती. पोळीचा घास गालात नुसता फिरत राहायचा, भात घशाशी जाऊन बसायचा, आणि तिखटाचा कण जरी लागला तरी तिची जीभ पेटायची. दर तपासणीला वजन उतरलेलं. शेवटच्या वेळी डॉक्टरांनी फाईल मिटली आणि अगदी थंडपणे सांगितलं की पुढच्या महिन्यातही वजन उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल, त्यातून पातळ अन्न पोटात सोडता येतं. काळजी करू नका, असंही म्हणाले. डॉक्टर लोकांचं हे मला फार आवडतं. आधी काळजी हातात देतात आणि मग ती करू नका म्हणतात.

ती नळी तिनं वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नाकात पाहिली होती. बाई दिवसभर छताकडे पाहत पडून असायची. परत येताना बसमध्ये बायको केळझर येईस्तोवर खिडकीबाहेर पाहत होती. मग खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "काही करा, पण मले नळी नका लावू देऊ."

मी हो म्हणालो. काय करणार होतो ते देवाला ठाऊक.

मुलगी पुण्याला असते, ती सुट्टी काढून आली. तिनं एका दुपारी, सोबत आणलेल्या आपल्या छोट्या मिक्सरवर सॉस फिरवून, पास्ता केला. मैद्याच्या का रव्याच्या त्या आखूड पोकळ कांड्या, भाताहून मऊ शिजवलेल्या, आणि वर केशरी रंगाचा सॉस. आजवर असलं खाणं पाहिलं की मी म्हणायचो, हे जेवण आहे की कंटाळा? त्या दिवशी मी हातात पेपर धरून बसलो होतो आणि डोळे बायकोच्या ताटलीवर होते. तिनं एक चमचा घेतला, मग दुसरा, आणि बघता बघता अर्धी ताटली संपवली. म्हणाली, हे गुळगुळीत आहे, आपसूक खाली उतरते. मला त्या क्षणी त्या पोकळ कांड्या शोधून काढणाऱ्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

पण सुट्ट्या संपतात. जायच्या आदल्या दिवशी मुलीनं मला गॅससमोर उभं केलं. थोडे टमाटर, आंबटानं झोंबू नये म्हणून त्याहून जास्त गाजर, अर्धा कांदा, सगळं उकडायचं, साल-बिया काढायच्या, मिक्सरमधून फिरवायचं, गाळायचं, लोण्यावर मंद शिजवायचं आणि शेवटी साय. मीठ चिमूटभर. तिखट नाही, मसाला नाही, फोडणी नाही. "बाबा, एकदम सोपं आहे. कोणालेही जमते," असं म्हणून ती गाडीत बसली. कोणालेही! दोनशे माणसांच्या आचाऱ्याला सर्टिफिकेट काय मिळालं, तर कोणालेही.

मी पास्ता आणायला सिंदीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, नातवंडं आली का काका? मी हो म्हणालो. म्हाताऱ्या बायकोसाठी पास्ता रांधायला नेतो आहे, हे भर बाजारात सांगायला जी छाती लागते ती माझ्याजवळ तेव्हा नव्हती.

पहिला सॉस मी केला तो माझ्या सवयीनं केला. मुलगी म्हणाली होती थोडे टमाटर. आता थोडे म्हणजे किती? माझ्या हिशोबात अर्ध्या कॅरेटच्या खाली टमाटर मोजतच नाहीत. घरातला सर्वांत मोठा गंज चढवला, गाजरं ओतली, लोण्याचा अख्खा डबा रिकामा केला आणि तर्री वर यायची वाट पाहत उभा राहिलो. तर्री आली नाही तर भाजी झाली हे कळणार कसं? तासभर वाट पाहिली, मग थोडं तेल घातलं, मग आणखी थोडं. शेवटी आली बापडी. मी अभिमानानं मुलीला व्हिडिओवर गंज दाखवला. तिनं फोन डोळ्यांजवळ नेऊन गंज पाहिला. मग म्हणाली, "बाबा, लग्न कोणाचं आहे?"

बायकोनं त्यातला एक घास घेतला. तेलाच्या तवंगानं तिला मळमळलं आणि तिनं ताटली बाजूला सारली. उरलेला गंजभर सॉस गल्लीत वाटावा लागला. शेजारी माझी वहिनी राहते, थोरल्या भावाची बायको. तिनं त्यात तिखट, लसूण आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून भाकरीसोबत घरच्यांना वाढला आणि वर सांगायला आली की भाऊजी, भाजी चांगली होती, फक्त अळणी होती, मी सुधारली.

वहिनीबद्दल मला बोलायचंच होतं. घरात पुरुष गॅससमोर उभा आहे हे तिला पाहवत नव्हतं, म्हणून ती रोज वाटीभर काहीतरी घेऊन यायची. बिलकूल फिक्कं आहे, असं सांगून वरण ठेवायची. मी चमच्यानं ढवळून पाहिलं तर आत हिरव्या मिरच्या पोहत होत्या. विचारलं तर म्हणे, तिखट कुठं टाकलं, नुसती फोडणीले दोन चिरल्या. आमच्या भागात फिक्कं म्हणजे ज्यात मिरची दिसते पण मोजता येते ते. त्या माउलीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बायको बिचारी कोणाचं मन मोडायचं नाही म्हणून प्रत्येक वाटीतलं थोडं जिभेला लावायची, डोळ्यांत पाणी आणायची आणि चांगलं आहे म्हणायची. शेवटी मीच एक दिवस दारात आडवा झालो आणि वहिनीला सांगितलं की आता काही आणू नका. ती रागावून गेली. नंतर आठवडाभर आमच्या दारावरून जाताना ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची.

आता सगळं माझ्यावर आलं. मी तेल सोडलं, गंज सोडला, मुलीला चार-चारदा फोन करून सगळं तिच्या शब्दाबरहुकूम केलं. तिखटाच्या डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सॉस गाळला, चाखला, अगदी लहान पोराच्या पेजेसारखा सौम्य लागला. मी ताटली नेऊन ठेवली आणि समोर बसलो. बायकोनं चमचा तोंडात घातला आणि तिचा चेहरा आवळला. तिनं घास कसाबसा गिळला, पाणी प्याली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, मंग खाईन. झोंबलं का, असं विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. पण ओठ लाल झाले होते, ते कुठं लपवणार?

मी चिडलो. आधी टमाटरवर चिडलो, मग गाजरवर, मग पुण्याला फोन लावून मुलीवर चिडलो. नाचता येईना अंगण वाकडं. दुसऱ्या दिवशी परत केला, परत तेच. तिसऱ्या वेळी तर मी टमाटर जवळजवळ वगळलेच, नुसतं गाजर. तरी तिला झोंबलंच. मला मात्र चाखताना काहीच लागत नव्हतं. मनात एक घाणेरडी शंका येऊन गेली की हिलाच आता खायचं नाही, ही उगाच तोंड करते. ही शंका मी तिला बोलून दाखवली नाही एवढीच माझी पुण्याई.

तपासणी जवळ येत होती. बायको दिवसातून दोनदा दूध आणि पावडर पिऊन, उरलेला वेळ भिंतीला टेकून बसायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, म्हणून तिनं काढून ठेवल्या. माझी हवा टाईट झाली होती आणि मी ती कोणाला दाखवत नव्हतो.

त्याच सुमारास एका सकाळी मी नाश्त्याला भाकरीसोबत ठेचा खात होतो. ठेचा म्हणजे आमच्या घरचा, लसूण आणि लाल मिरचीचा. खाता खाता वाटलं, आज यात तिखट कमी आहे. वरून आणखी लाल तिखट घेतलं. आणि हात तिथंच थांबला. जो माणूस ठेच्यावर तिखट घेऊन खातो, तो आजारी बाईचा सॉस चाखून सांगतो आहे की यात झोंबण्यासारखं काही नाही! ही जीभ आहे की चपलेचा तळवा? आंधळ्यानं कापूस पारखावा, तसा माझा सगळा कारभार चालला होता. खरं म्हणजे ती सांगत होती ते बरोबर होतं आणि मला ते कळायची सोयच नव्हती.

गल्लीत दुसरी जीभ शोधावी तर सगळ्यांच्या जिभा माझ्यासारख्याच. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की त्याच्या वरणात तर्री पडते. मग म्हटलं, आपलीच दुरुस्त करू. मी तिखट सोडलं.

हे लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी वरणभात खाल्ला आणि वाटलं, दवाखान्यात मीच भरती झालो. दुसऱ्या दिवशी चिडचिड, डोकं दुखणं, कोणाशी धड बोलणं नाही. तंबाखू सोडलेले लोक कसे वागतात ते पाहिलं होतं, तसाच मी वागत होतो. त्यात केळझरला गणपतीच्या देवळाजवळ एकाचे रोडगे निघाले आणि मला भाजीला नेलं. भाजी टाकली, लोक बोटं चाटत होते, आणि मी कोपऱ्यात बसून रोडगा दुधात कुस्करून खात होतो. सोबत्यांनी घेरलंच. कोणी म्हणे मूळव्याध, कोणी म्हणे नवस. एकानं तर हळूच विचारलं, कोणत्या बाबाच्या नादी लागून राह्यला गा? मी सांगितलं, बायकोच्या. ते सगळे हसले. मी थट्टा करतो आहे असं त्यांना वाटलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

आठवड्याभरानंतर जीभ हळूहळू माणसात आली. आधी गाजर गोड लागायला लागलं. गाजर गोड असतं हे मला कधी कळलंच नव्हतं, आजवर ते मी फक्त मिरचीच्या लोणच्यातलं खाल्लं होतं. मग दुधाला चव आली, नुसत्या भाताला वास आला. बायको पाहत होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण चाळीस वर्षं एका ताटाच्या अंतरावर जेवणाऱ्या बाईपासून काय लपतं? एकदा नुसती म्हणाली, "काऊन एवढा त्रास करून घेता जी?" मी म्हणालो, पित्त झालं आहे.

मग मी परत सॉसला हात घातला, आणि या वेळी प्रत्येक पायरीवर चाखत गेलो. उकडलेलं टमाटर चाखलं, ठीक. गाजर ठीक. कांदा ठीक. मिक्सरमधून फिरवून गाळलं, चमचा तोंडात घातला, आणि जिभेच्या टोकाला आग लागली. चक्क आग. मी किती खूश झालो म्हणून सांगू! जीभ भाजलेला माणूस स्वयंपाकघरात एकटाच हसत उभा होता.

मिक्सरचं भांडं पालथं केलं. वरून चकचकीत होतं. पात्याखालची चकती पेचकसानं फिरवून काढली, तर रबराच्या कडीत लाल गाळ बसलेला, घट्ट, चिखलासारखा. वर्षानुवर्षांचा ठेचा. दर उन्हाळ्यात वाळलेल्या मिरच्या दळल्या त्या याच भांड्यात. भांडं रोज धुतलं जायचं, पण त्या कडीखाली कोणी कशाला पाहील? मुलीनं आपला छोटा मिक्सर परत पुण्याला नेला होता, आणि मी रोज मोठ्या श्रद्धेनं बिनतिखटाचा सॉस या भांड्यातून फिरवून बायकोपुढे ठेवत होतो. मग मी घरभर नाक घेऊन फिरलो. भाजी चिरायचा लाकडी पाट चाटून पाहिला, झोंबला. उलथणं झोंबलं. चाकूची मूठ झोंबली. आमच्या घरात बिनमिरचीची एकच वस्तू होती, ती म्हणजे बायको.

सिंदीला जाऊन नवी गाळणी, नवा चाकू, नवं लहान पातेलं आणलं. या वेळी दुकानदारानं विचारायच्या आधीच मी त्याला सांगितलं की बायकोसाठी पास्ता करतो, तिला दुसरं काही उतरत नाही. त्यानं भांडी कागदात बांधताना एकदा माझ्याकडे पाहिलं.

मिक्सर नाही म्हटल्यावर उकडलेलं टमाटर आणि गाजर गाळणीवर वाटीच्या बुडानं रगडायचं. हात भरून येतो आणि खाली चमचाभर रस पडतो. मी ते नीट मोजून केलं. टमाटर एक, गाजरं दोन, पास्ता मूठभर. आजवर इतकं वाया घातलं होतं की आता एका ताटलीच्या वर काही करायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मुलीच्या हातचीही तिनं अर्धीच खाल्ली होती. लोणी विरघळलं, रस त्यात गेला, वर काही तरंगलं नाही. तर्री न येता एखादी गोष्ट पूर्ण होते, हे मी त्या दिवशी कबूल केलं.

ताटली तिच्यासमोर ठेवली. या वेळी पेपर घेतला नाही, सरळ समोर बसलो. तिनं चमचा उचलला, आधी जिभेच्या टोकाला लावून पाहिला, आणि थांबली. मग तोंडात घातला. मी तिच्या ओठांकडे पाहत होतो, ते लाल होत नव्हते. ती हळूहळू खात होती, प्रत्येक घासामागे एक घोट पाणी, मधे दमून थांबायची, परत चमचा उचलायची. मी पाण्याचा पेला भरून तिच्याजवळ सरकवत होतो. अर्धी ताटली झाली. मुलीच्या वेळी ती इथंच थांबली होती, आज ती थांबली नाही. शेवटी ताटलीच्या कडेला लागलेला सॉस तिनं चमच्यानं निपटून घेतला आणि रिकामी ताटली माझ्यापुढे धरली.

"अजून हाय का?"

मी पातेल्याकडे पाहिलं. पातेलं कोरडं होतं. आयुष्यभर मी पंगतीत आग्रह करकरून वाढलं, लोक ताटावर आडवे हात धरायचे तरी ऐकलं नाही, आणि आज माझ्या बायकोला मी खाली मान घालून सांगितलं की संपलं.

तिचा विश्वासच बसेना. ताटली तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिली. "लोकाइले गंजच्या गंज वाढता," ती म्हणाली, "अन् माह्यासाठी एवढंसंच?"

इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली होती. मी उठलो, थांब, आत्ता करतो म्हणालो आणि टमाटर उकडायला टाकले. रगडायचं काम घाईनं होत नाही, हे तिला सांगितलं तर म्हणाली, मग जरा जोर लावा. मी गाळणीवर वाटी घासत होतो आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. आतून चमच्यानं ताटली वाजवल्याचा आवाज यायला लागला. झालं का, झालं का, म्हणून ती वाजवतच राहिली. तिला भूक लागली होती.